मासे गरवून आल्यावर कॅमेऱ्यात धुकं धरतंय? काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. ती उठली, नारळी पौर्णिमा झाली की गळ घेऊन खाडीवर आणि समुद्रावर जाणारी आमची मंडळी बाहेर पडतात, आणि आठवड्याभरात माझा फोन वाजायला लागतो. "लेन्सच्या आतून धुकं दिसतंय." "झूम फिरवताना करकर आवाज येतो." "काल चालू होता, आज बॅटरीच घेत नाही."

माझं दुरुस्तीचं दुकान नाही. रेवदंड्याच्या पट्ट्यात बारा-तेरा वर्षं जिताडा आणि तांबोशी गरवतोय आणि तितकीच वर्षं फोटो काढतोय. माझे आणि मित्रांचे मिळून इतके कॅमेरे या एकाच दुखण्यातून बाहेर काढलेत की आता कॅमेरा हातात घ्यायच्या आधी मी एकच विचारतो, "घरी आल्यावर रात्रभर कुठे ठेवला होता?"

कारण यांतले फार थोडे कॅमेरे पाण्यात पडलेले असतात. बहुतेकांवर चार शिंतोडे उडालेले असतात आणि नंतर ते ओल्या टॉवेलाशेजारी, घट्ट बंद केलेल्या पिशवीत रात्रभर पडून राहिलेले असतात. पाणी आत जाऊ नये म्हणून आपण जी पिशवी बंद करतो, तिच्यातच पाणी कोंडलेलं असतं.

तुमचा कॅमेरा खरोखरच खाऱ्या पाण्यात पडला असेल, तर आत्ता पुढचं वाचत बसू नका. बॅटरी काढा, कॅमेरा चालू करून बघू नका आणि थेट शेवटच्या ‘इथे थांबा’ या भागाकडे जा.

लक्षणं

- लेन्सच्या आत काठाला चंद्रकोरीसारखं धुकं दिसतं. बाहेरून पुसून जात नाही. दुपारी गायब होतं, संध्याकाळी पुन्हा येतं.
- फोटो दुधाळ येतात. रात्री दिव्याभोवती वलय दिसतं.
- झूमची किंवा फोकसची रिंग फिरवताना वाळू अडकल्यासारखी करकर होते. शटरचं बटण दाबलं की लगेच वर येत नाही.
- बॅटरी लवकर उतरते, चार्जिंग मधूनच थांबतं, कार्ड ‘वाचता येत नाही’ असा संदेश येतो. झाकण उघडलं की पितळी पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसते.
- ॲक्शन कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये आवाज उशीतून आल्यासारखा दबका येतो.

पहिली दोन लक्षणं बहुतेक वेळा घरच्या घरी सुटतात. तिसरं आणि चौथं लवकर पकडलं तर सुटतं. आवाजाचं दुखणं क्वचितच गंभीर असतं. माइकच्या भोकात पाणी किंवा मीठ बसलेलं असतं. कॅमेरा जलरोधक असेल तर तो गोड्या पाण्यात बुडवून ठेवून, भोक खाली करून वाळवला की झालं. त्या भोकात टाचणी मात्र घालू नका. आत पाणी अडवणारा पातळ पडदा असतो, तो फाटला की कॅमेरा जलरोधक राहत नाही.

हे पुन्हा पुन्हा का होतं

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शिंतोडा वाळतो तेव्हा पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात, बटणाच्या फटीत, झाकणाच्या कडेला, लेन्सच्या रिंगखाली. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं, तेच इथे घडतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही ओल धरतं. ऑगस्ट-सप्टेंबरात कोकणपट्टीवर आर्द्रता ७५ च्या खाली फार वेळ राहत नाही. म्हणजे काल दुपारी खडखडीत वाळलेला कॅमेरा आज संध्याकाळी, कपाटात ठेवल्या जागी, पुन्हा ओला होतो. मीठ काढल्याशिवाय नुसतं वाळवण्यात अर्थ नाही, तो यामुळेच.

धरणावर किंवा नदीवर गरवत असाल तर मिठाचा प्रश्न नाही, पण दमट हवेचा आणि गाळाचा आहे. खालचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू होतं. फक्त तुमच्या हाताशी वेळ जास्त असतो.

आता तपासणी. फुकट आणि सोप्या गोष्टी आधी. क्रम मोडू नका. झाकणं उचकटायची घाई करून साध्या दवाचं मोठं काम करून ठेवलेले कॅमेरे मी पाहिलेत.

१. धुकं बाहेर आहे की आत?

वेळ दोन मिनिटं, खर्च काही नाही. लेन्स तिरकी धरा आणि बाजूने मोबाइलची विजेरी मारा. पांढरा थर काचेच्या वरच दिसत असेल तर तो मिठाचा पापुद्रा आहे. सूक्ष्म तुषार उडून वाळले की असा थर बसतो आणि फोटो दुधाळ येतात.

हा थर कोरड्या कापडाने पुसू नका. मिठाचे कण कडक असतात आणि काचेवरच्या कोटिंगवर त्यांचे ओरखडे उठतात. आधी हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने हवा मारा. मग मायक्रोफायबरचं कापड पिण्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि काचेवर नुसतं टेकवत जा. मीठ विरघळून कापडात उतरतं. दोन-तीनदा कापडाची स्वच्छ बाजू घ्या आणि मग कोरड्या कापडाने हलकं पुसा. हाताला आमिषाच्या कोळंबीचा किंवा माशाच्या अंगावरचा चिकट लेप असेल तर तोही काचेवर उतरतो. तो नुसत्या पाण्याने जात नाही, लेन्स क्लीनर लागतो.

पुसल्यावर फोटो स्वच्छ आला तर तुमचं काम इथेच संपलं. माझ्याकडे ‘आतून धुकं’ म्हणून आलेल्या कॅमेऱ्यांपैकी बऱ्याच कॅमेऱ्यांचं दुखणं इतकंच असतं.

२. हे दव तर नाही?

पहाटे साडेचारला एसीच्या खोलीतून उठता, कॅमेरा गळ्यात अडकवता, बाहेर पडता आणि पाच मिनिटांत लेन्स पांढरी होते. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. खोलीत एसी २३ वर होता. म्हणजे कॅमेऱ्याची काच आणि धातू दवबिंदूपेक्षा थंड आहेत आणि हवेतली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसंच. हे दव लेन्सच्या बाहेर तर धरतंच, पण झूम फिरवताना लेन्स बाहेरची दमट हवा आत ओढते आणि मग ते आतही धरतं.

ओळखायचं कसं? कॅमेरा बंद ठेवा, लेन्स काढू नका, झूम फिरवू नका, तासभर थांबा. धुकं गेलं आणि परत आलं नाही तर ते दव होतं. घाबरायचं कारण नाही, पण रोज असं होऊ देऊ नका. रोजच्या या ओलीवरच पुढे बुरशी धरते.

उपाय फुकट आहे. झोपताना कॅमेऱ्याची बॅग बंद करून एसी नसलेल्या खोलीत किंवा पडवीत ठेवा. गाडीतून जाताना कॅमेरा एसीच्या झोताखाली नको, मागच्या डिकीत बंद बॅगेत ठेवा. किनाऱ्यावर पोचल्यावर बॅग न उघडता अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. तेवढ्यात गळ बांधून होतो, आमिष लावून होतं.

उलट दिशेचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. होडीत उन्हात तापलेला जलरोधक कॅमेरा मासा सोडतानाचा फोटो घ्यायला एकदम पाण्यात बुडवला की आतली गरम हवा आकसते, आतला दाब कमी होतो आणि एरवी धरून ठेवणारी रबरी पट्टीही थेंबभर पाणी आत घेते. पाणी आत गेलं नाही तरी आतल्या हवेतली वाफ गार काचेवर बसते. कॅमेरा सावलीत ठेवा आणि बुडवण्याआधी ओल्या कापडाने गुंडाळून थोडा गार होऊ द्या.

३. पिशवीत काय काय होतं?

माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी सगळ्यांत जास्त कॅमेरे इथे बिघडलेले असतात, म्हणून हे सविस्तर सांगतो.

एका सप्टेंबरात कुंडलिकेच्या खाडीत रात्री होडीने गेलो होतो. कॅमेरा चांगल्या जाड ड्राय बॅगेत, तोंड तीनदा गुंडाळून बकल लावलेलं. होडीवर पाणी आलं, पिशवी भिजली, पण आत थेंबही गेला नव्हता. निघताना हात पुसलेला टॉवेल मी त्याच पिशवीत कोंबला आणि तोंड पुन्हा बंद केलं. सकाळी धक्क्यावर पिशवी उघडली तर आतल्या बाजूला बारीक थेंबांची जाळी पसरली होती. नाखवा शेजारी जाळं झटकत होता. त्याने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "पिशवीला घाम आलाय, दादा." लेन्सच्या आत खालच्या कडेला नखाएवढी धुक्याची कोर होती. बॅटरीचं झाकण उघडलं तर एका पितळी पट्टीच्या टोकावर मोहरीएवढा हिरवा ठिपका. एका रात्रीत.

त्यानंतर मी हिशोब करून पाहिला. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. १० लिटरच्या पिशवीतल्या हवेत म्हणजे फार तर ०.३ ग्रॅम. तेवढी वाफ सिलिका जेलची एक बरी पुडी सहज शोषते. पण हातभर ओल्या टॉवेलात शंभर ग्रॅम पाणी आरामात असतं. ते रात्रभर वाफ होत राहतं, आणि पहाटे गारवा आला की पिशवीत जे सगळ्यांत आधी थंड होतं, म्हणजे कॅमेऱ्याची काच आणि धातू, त्याच्यावर बसतं. इतक्या पाण्यापुढे कुठलीही पुडी टिकत नाही.

म्हणून तपासा:

पिशवीत कॅमेऱ्याबरोबर ओलं काही आहे का? टॉवेल, टोपी, ओला पट्टा, बर्फाच्या पेटीतून काढलेली पाण्याची बाटली. कॅमेऱ्याचा कापडी पट्टा विसरू नका. तो समुद्राचं पाणी भरपूर पितो आणि त्याचं टोक थेट कॅमेऱ्याच्या अंगाला लागलेलं असतं.

सिलिका जेल जिवंत आहे का? निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी दाणे हिरवे झाले की ते भरलेत. ते फेकायचे नाहीत. ताटात पसरून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास ठेवा, मूळ रंग परत येतो. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे, म्हणून जेवणाच्या ताटात आणि स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ते नकोत. घरात लहान मुलं असतील तर केशरी घ्या. बुटांच्या खोक्यात मिळालेल्या, वर्षभर उघड्या पडलेल्या पांढऱ्या पुड्या धरू नका. त्या कधीच भरून गेलेल्या असतात.

पिशवी घरी आल्यावर उघडली का? ड्राय बॅग प्रवासापुरती. घरात पाऊल टाकलं की कॅमेरा बाहेर आणि पिशवी उलटी करून दोरीवर.

४. पाणी नेमकं कुठे मुरतंय?

ब्लोअर, विजेरी आणि पाच मिनिटं पुरतात. कॅमेरा पूर्ण कोरडा झाल्यावर, कोरड्या हातांनी, बॅटरीचं, कार्डाचं आणि केबलचं झाकण एकेक करून उघडा. झाकणाच्या कडेला रबराची बारीक पट्टी असते. तिच्यावर विजेरी तिरकी मारा आणि कोरडं बोट हलकं फिरवा. केस, वाळूचा कण, टॉवेलाचा धागा, काहीही चालत नाही. एका मित्राचा जलरोधक कॅमेरा दोनदा सुकवला आणि दोन्ही वेळा धुकं परत आलं. तिसऱ्यांदा भिंगाखाली पट्टी पाहिली तर बोय माशाच्या खवल्याचा एक तुकडा तिच्यावर सपाट चिकटलेला होता. पारदर्शक, नखाच्या पातीइतका पातळ. मासा हातात धरल्यावर त्याच हाताने बॅटरी बदलली होती. खवला काढला, पट्टी ओल्या कापडाने पुसली आणि तो कॅमेरा आजही चालतोय.

यातून मी एक नियम पक्का केला. पाण्यावर असताना झाकण उघडायचं नाही. बॅटरी पूर्ण चार्ज, कार्ड मोठं आणि रिकामं. उघडावंच लागलं तर हात धुऊन, पुसून, वाऱ्याकडे पाठ करून.

रबराला भेग दिसली, ती चपटी पडली असेल किंवा खाचेतून बाहेर आली असेल, तर ती बदलावीच लागते. त्यावर व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचं रबर फुगतं. वेगळ्या जलरोधक हाउसिंगची, म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायच्या पेटीची, ओ-रिंग (रबराचं गोल कडं) असेल तर तिला उत्पादकाने दिलेलंच ग्रीस लावा, तेही फक्त चमक येईल इतकं. जास्त ग्रीस वाळू धरतं.

हाउसिंग वापरणाऱ्यांनी हे प्रत्येक फेरीच्या आधी करा. कॅमेरा न घालता आत टिश्यू पेपरची घडी ठेवा, बंद करा, बादलीत वजन ठेवून अर्धा तास बुडवा. बाहेर काढून वरून पूर्ण पुसल्यावरच उघडा. टिश्यूवर एक ठिपका जरी ओला दिसला तर त्या दिवशी हाउसिंग नेऊ नका.

५. तुमचा कॅमेरा पाणी सोसतो का, आणि किती?

खोक्यावरचा आयपी क्रमांक, म्हणजे धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगणारा क्रमांक, बघा. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती आणि किती वेळ ते उत्पादक सांगतो तेवढंच. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, नव्या वस्तूवर केलेली असते. लाटेचा सपकारा, मीठ आणि तीन वर्षं जुनं रबर त्या चाचणीत नसतं. ‘आयपी ६८’ लिहिलेल्या फोनचंही हेच. त्याची स्क्रीन एकदा बदलून घेतली असेल तर आतला मूळ गोंद गेलेला असतो, आणि मग त्या आकड्यावर मी विसंबत नाही. ओल्या पोर्टचा इशारा आलेल्या फोनला चार्जर लावू नका. खारं पाणी आणि वीज एकत्र आली की पोर्टच्या पिना काही तासांत खाल्ल्या जातात. पाण्याने झालेला बिघाड बहुतेक वेळा वॉरंटीत बसत नाही, तेही खरेदीच्या वेळीच वाचून ठेवा.

ॲक्शन कॅमेऱ्यांत गोप्रो हीरो ५ पासूनचे बहुतेक हीरो कॅमेरे हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, ऑलिंपसचा टीजी-६ १५ मीटरपर्यंत. झाकणं नीट बंद असतील तर. होडीतल्या कामाला हे पुरेसे आहेत आणि मला विचाराल तर समुद्रावर गरवताना महागडा डीएसएलआर नेण्यापेक्षा हेच न्या.

डीएसएलआर किंवा मिररलेस न्यायचाच असेल तर ‘वेदर-सील्ड’ म्हणजे शिंतोडे सोसणारा, बुडवता येणारा नव्हे. सील्ड बॉडीला साधी लेन्स लावली की माउंटपाशी, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते तिथे, वाट मोकळी राहते. लेन्सच्या धातूच्या कड्याला बारीक रबराची कड दिसते का बघा. काही लेन्सचं सीलिंग पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. फिल्टर मी तसाही लावतोच, मीठ त्याच्यावर बसतं आणि धुता येतं. लेन्स पाण्यावर कधीही बदलू नका. सील नसलेल्या कॅमेऱ्याला साधी जाड पारदर्शक पिशवी, लेन्सच्या तोंडाला भोक पाडून रबरबँडने घट्ट. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढताना फोटो घ्यायला एवढं पुरतं. होडीच्या पुढच्या टोकाला बसून घ्यायला पुरत नाही.

६. मीठ काढा

जलरोधक कॅमेरा असेल तर घरी आल्याबरोबर, सगळी झाकणं बंद आहेत याची खात्री करून, बादलीभर गोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मध्ये बटणं दाबा, हलकं हलवा. नुसती नळाखाली धार मारली तर बटणाखालचं मीठ जागचं हलत नाही, आणि जोराची धार रबराला आत ढकलते. पाणी गरम नको. मग पुसून झाकणं खाली येतील असं ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत उघडू नका. ओल्या झाकणाच्या कडेला अडकलेला थेंब उघडताक्षणी आत जातो.

जलरोधक नसलेल्या कॅमेऱ्याला पाण्यात घालू नका, त्याला पिळलेल्या कापडाने टिपायचं. बटणांच्या आणि रिंगांच्या फटींत पाण्यात भिजवून झटकलेला इयरबड फिरवा, मग कोरडा फिरवा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून वेगळा धुवा.

हिरवी भुकटी दिसत असेल तर बॅटरी काढून ठेवा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. इयरबड त्यात नुसता ओलसर करून पट्ट्या एकाच दिशेने पुसा, प्रत्येक वेळी नवा बड. बड हिरवा यायचा थांबला आणि पट्टी पितळेसारखी किंवा सोन्यासारखी चमकली की पंधरा मिनिटं उघडं ठेवा, मगच बॅटरी घाला. खोडरबराने घासायची सवय अनेकांना असते. बॅटरीच्या बाहेरच्या पट्टीवर ते चालेल, कॅमेऱ्याच्या आत नाही, कारण रबराचा भुगा आत पडतो आणि पट्टीवरचा सोन्याचा पातळ मुलामाही जातो. पट्टीला खड्डे पडलेले दिसले तर पुढे जाऊ नका. तिथे तांबं खाल्लं गेलंय आणि ते पुसून भरून येत नाही.

७. बरोबर वाळवा

मीठ निघाल्यावरच हे. रबर असलेला घट्ट झाकणाचा मोठा डबा, तळाला दोनशे-अडीचशे ग्रॅम ताजं सिलिका जेल, वर कापडाचा तुकडा, त्यावर कॅमेरा. बॅटरी आणि कार्ड बाहेर, झाकणं उघडी, लेन्स वेगळी करून तिच्या मागचं झाकण न लावता. दोन ते तीन दिवस. मध्ये दाण्यांचा रंग बघा, बदलला तर बदलून घ्या. घाई करून एका रात्रीत बाहेर काढू नका.

तांदळात ठेवू नका. तांदूळ हवेतली ओल सिलिकासारखी ओढत नाही आणि त्याचा कोंडा पोर्टमध्ये जातो. २०२४ साली ॲपलनेही आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका. लेन्समध्ये फोकसच्या यंत्रणेला लावलेलं वंगण उष्णतेने पातळ होऊन ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या, पात्यांवर पसरतं. ड्रायरची हवा शिवाय फटीतलं पाणी आणखी आत ढकलते.

वाळवल्यावर कायमची जागा म्हणून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहील असा डबा किंवा ड्राय कॅबिनेट ठेवा. आत तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक टाका. ६० च्या वर सतत राहिलं की लेन्सवर बुरशीला वाव मिळतो. चामड्याच्या जुन्या केसमध्ये कॅमेरा कोकणात कधीच ठेवू नये. चामडं ओल धरतं.

इथे थांबा

खालच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतः पुढे काही करू नका.

जलरोधक नसलेला कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडला. बॅटरी काढा, कार्ड काढा, बाहेरून टिपा, ‘चालतोय का’ हे पाहायला चालू करू नका. वीज चालू असताना मिठाचं पाणी सर्किटवरची तांब्याची रेघ तासांत खातं. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे पोचवा. घरी डब्यात तीन दिवस वाळवून मग नेणं ही इथली सगळ्यांत महाग चूक, कारण वाळलेलं मीठ आत तसंच राहतं. कारागीर उघडून अल्कोहोलने किंवा अल्ट्रासोनिक टाकीत बोर्ड धुतो, आणि जितक्या लवकर धुतला जाईल तितकी आशा जास्त.

स्क्रीनच्या मागे किंवा लेन्सच्या काचांमध्ये थेंब हलताना दिसतो. धुकं डब्यात वाळतं, थेंब मागे डाग ठेवून वाळतो.

बॅटरी फुगली आहे, गरम लागते किंवा गोडसर उग्र वास येतो. चार्जरला लावू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. लादीवर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. ती बुरशी. लेन्स उघडून आतली काच पुसावी लागते आणि परत जुळवावी लागते, ते घरचं काम नाही. पण वेळ काढू नका. बुरशी कोटिंग खाते, आणि मग काच पुसूनही डाग राहतो. तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

दोनदा नीट मीठ काढून, नीट वाळवूनही धुकं परत येतंय, आणि रबराच्या पट्ट्या स्वच्छ आहेत. म्हणजे सील आतून गेलंय. ते कारागिराने दाबाची चाचणी करूनच शोधायचं.

आणि व्हिडिओ बघून स्क्रू खोलायचा विचार असेल तर एक सांगतो. अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात फ्लॅशचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहतो. त्याचा झटका जोराचा बसतो. मी आजवर एकदाही कॅमेऱ्याची बॉडी खोललेली नाही.

दुरुस्तीला देताना खारं पाणी होतं की गोडं, किती वाजता पडला, नंतर चालू केला होता का, हे लपवू नका. कारागीर त्यावरूनच ठरवतो कुठून सुरुवात करायची. कंपनीच्या अधिकृत केंद्रात बहुधा आख्खा बोर्ड बदलायचा खर्च सांगतात. जुन्या कॅमेऱ्याला तो परवडत नाही. अशा वेळी मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा तुमच्या शहरातल्या जुन्या कारागिराकडे आधी अंदाज घ्या आणि तो लिहून मागा. दुरुस्तीचा खर्च तोच कॅमेरा जुन्या बाजारात मिळतो त्याच्या निम्म्याच्या वर गेला तर मी मित्रांना सरळ नको सांगतो.

कार्डाची आशा मात्र लगेच सोडू नका. मेमरी कार्ड खाऱ्या पाण्यात पडलं तरी आतले फोटो बहुतेक वेळा शाबूत असतात. गोड्या पाण्यात खळबळून घ्या, टिपा, दोन दिवस सिलिकाच्या डब्यात ठेवा, पट्ट्या अल्कोहोलने पुसा आणि मगच रीडरमध्ये घाला. हर्णे बंदरात एका मित्राचा कॅमेरा धक्क्यावरून निसटला, ओहोटीला चिखलातून काढला. कॅमेरा गेला. कार्डातून त्याच्या वडिलांचा, हातात पाच किलोचा जिताडा धरलेला फोटो निघाला, आणि तो आता त्यांच्या ओटीवर लावलेला आहे.